शून्य धरलेला माणूस

"कसे आहात सर?" असं कोणी विचारलं की ते "ठणठणीत!" म्हणायचे आणि विचारणाऱ्याला वरपासून खालपर्यंत असं न्याहाळायचे, की त्या बिचाऱ्यालाच आपल्या तब्येतीची काळजी वाटावी. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत त्यांचं नाव ठणठणीतराव पडलं. तोंडावर अर्थात 'सर'.

एखाद्या माणसावर लिहायचं तर मनात आपुलकी असावी म्हणतात. माझ्या मनात नावड आहे, आणि ती मी मेहनतीने कमावलेली आहे. तेव्हा तिच्यावरच भागवते.

ठणठणीतराव आमच्या पट्टी विभागाचे प्रमुख. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण ती त्यांच्या मते आळशांसाठी. ते जिन्याने यायचे आणि मधल्या वळणावर कठड्याला धरून उभे राहायचे, बराच वेळ. जाता-येता कोणी पाहिलंच तर म्हणायचे, "विचार सुचला." मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, केवढा हा चिंतनशील माणूस! पुढे लक्षात आलं, की विचार फक्त चढताना सुचतात. उतरताना एकदाही सुचल्याचं मी पाहिलं नाही.

आजारी माणूस हा त्यांचा आवडता श्रोता. ऑफिसात कोणी रजेवर गेलं की हे संध्याकाळी त्याच्या घरी हजर. खुर्ची पलंगाजवळ ओढायची आणि सांगायचं, "आजार हा स्वभावाचा दोष आहे." आमच्या हिशेबनीसाचा पाय मोडला होता, त्यालाही हेच ऐकवून आले. त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. त्या शाळेत शिकवायच्या. एकदा डबा पोचवायला आल्या तेव्हा खोकत होत्या. "खोकायची सवय लागलीय तिला," हे आमच्याकडे बघून म्हणाले, म्हणजे जणू बाई नखं खातात.

आम्ही काय करायचो ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बोटाएवढी प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर कार्बनच्या शाईने छापलेली बारीक टोकं. मधल्या टोकावर सोन्याचे कण बसवलेले. हे कण इतके सूक्ष्म, की त्यांचं पाणी पिवळं दिसतच नाही, लालबुंद दिसतं. कणांवर अँटिबॉडी चिकटवलेल्या. माणसाचं हृदय थकलं, त्याच्यावर ताण आला, की ते एक प्रथिन रक्तात सोडत राहतं. रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला की ते प्रथिन येऊन अँटिबॉडीला धरून बसतं. टोकावर दाटी होते आणि पट्टीतून वाहणारा करंट पडतो. दारात माणसं अडून बसली की आत जाणारे कमी होतात, तसंच. प्रथिन जितकं जास्त, तितका करंट कमी. मोठ्या हॉस्पिटलातल्या मोठ्या मशीनचं काम एका थेंबात आणि चहा निवायच्या आत, असा आमचा दावा.

पण करंट पडला, म्हणजे कुठून पडला? त्यासाठी शून्य लागतं. निरोगी रक्त घ्यायचं, त्याला शून्य म्हणायचं, मग त्यातच मापून मापून प्रथिन मिसळत जायचं आणि प्रत्येक वेळी करंट किती उतरला त्याचा आलेख काढायचा. पुढे पेशंटचं रक्त आलं की त्याच आलेखावर लावून बघायचं. शहाणे लोक या शून्यासाठी बऱ्याच निरोगी माणसांचं रक्त एकत्र करतात. ठणठणीतराव शहाण्यांच्या वाटेला कधी गेले नाहीत.

"लोकांचं रक्त का नाही घेत, सर?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं तेव्हा ते हसले होते. "बाळ, कोण काय खातो, काय पितो, कधी झोपतो, काही ठाऊक आहे? त्यात परवानग्या मागत फिरा. माझं रक्त बघ. डिस्टिल्ड वॉटर!"

तर विभागाचं शून्य म्हणजे ठणठणीतराव. पट्ट्यांची नवी बॅच निघाली की नर्स यायची, साहेब शर्टाची बाही वर करायचे, आणि त्यांच्या रक्तावर सगळी मानवजात तोलली जायची. जमिनीची उंची समुद्रापासून मोजतात, तशी लोकांची हृदयं या एका माणसापासून मोजत होतो आम्ही.

आणि हे शून्य खाली घसरत होतं.

प्रत्येक नव्या बॅचला, प्रथिनाचा कणही न मिसळता, करंट मागच्या बॅचपेक्षा थोडा कमी यायचा. ठणठणीतरावांनी कारण केव्हाच शोधून ठेवलं होतं. कारणाचं नाव सोनारीण.

सोन्याचे कण ती बनवायची म्हणून सोनारीण. रसायनशास्त्रात पदव्यांवर पदव्या, हात स्थिर, आणि आवाज असा की तिने वर कुजबुज केली तर खाली वॉचमन मान वर करायचा. नोकरी मात्र करारावरची. दर वर्षी वाढवली तर वाढली. दोघांचं भांडण मी आले तेव्हाही चालू होतं.

"तुझे कण गोळा होतायत," ठणठणीतराव म्हणायचे.

"सर, गोळा झाले असते तर पाणी जांभळं पडलं असतं. लाल आहे. डोळ्यांनी दिसतंय."

"डोळ्यांनी बघायचं विज्ञान भाजीवाल्याचं."

"मग भाजीवाल्याला बोलवा. तो बघेल तरी."

असं बोलणाऱ्या बाईचा करार कोण वाढवणार? साहेबांनी संचालक मॅडमकडे तक्रार केली, की सोन्याचा दर्जा घसरल्यामुळे शून्य घसरतंय, तेव्हा कण बाहेरच्या कंपनीकडून घ्यावेत आणि हे पद बंद करावं. संचालक मॅडम निर्णय पुढे ढकलण्यात वाकबगार. पण या वेळी त्यांनी तारीख दिली. हॉस्पिटलकडून रक्ताचे नमुने येणार होते. त्यांच्या मशीनवर आलेले आकडे त्यांच्याकडे बंद, आमच्या पट्टीचे आमच्याकडे. जुळले तर ठीक. नाही जुळले तर सोनारीण घरी.

"घरी म्हणजे घरीच गं," ती मला हात धुता धुता म्हणाली. "या गावात सोन्याचं पाणी करणारी दुसरी जागा कुठाय? आणि 'माल खराब म्हणून काढली' असा शिक्का बसला, की मग शाळेत जाऊन टेस्ट ट्यूबच विसळायच्या."

नमुने आले. आम्ही पट्ट्या लावल्या. हॉस्पिटलचे आकडे उघडले, आणि ठणठणीतरावांचा चेहरा एकदम खुलला. काहीच जुळत नव्हतं. हॉस्पिटल ज्याला अत्यवस्थ म्हणत होतं, तो आमच्या पट्टीला जरा दमलेला वाटत होता. ज्याला ते दमलेला म्हणत होते, तो आमच्याकडे धडधाकट. आणि काही नमुन्यांचे आकडे तर उणे आले होते. उणे! रक्तात प्रथिन नाही म्हणजे शून्य, हे कोणालाही कळतं. पण नाहीपेक्षाही कमी?

"झालं," साहेब म्हणाले. "यापेक्षा आणखी काय पुरावा हवा? खोटं सोनं!" आणि त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या खर्चाने सगळ्यांना चहा पाजला. दुसऱ्याची नोकरी जाण्याच्या आनंदात चहा पाजणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. सोनारिणीलाही कप दिला. तिने तो बेसिनमध्ये ओतला आणि कप विसळून जागेवर ठेवला.

मी तो आकड्यांचा कागद घेऊन बसले. कण गोळा झाले असते, तर गोळे कुठे जास्त, कुठे कमी असते. काही पट्ट्या वर गेल्या असत्या, काही खाली. इथे तर सगळ्याच पट्ट्या एकाच बाजूला चुकत होत्या, आणि साधारण सारख्याच अंतराने. शाळेतल्या मागे चालणाऱ्या घड्याळासारख्या. घड्याळ मागे असलं म्हणून कोणी काट्यांना शिव्या देत नाही, ते लावलं कोणी ते बघतात.

उणे आलेले नमुने कोणाचे, ते हॉस्पिटलला विचारलं. उत्तर आलं, ते पेशंट नव्हतेच. तुलनेसाठी घातलेले निरोगी लोक होते.

माझ्या हातातला चहा निवला. निरोगी माणसं शून्याच्या खाली जात होती. म्हणजे शून्यापेक्षा ती जास्त निरोगी होती. म्हणजे शून्य...

मी सोनारिणीला कोपऱ्यात घेतलं आणि सांगितलं. "म्हणजे यांना हृदय आहे?" ती म्हणाली. मग गंभीर झाली. "बोट दे इकडे."

तिचं रक्त घेतलं, माझं घेतलं, वॉचमनकाकांना वर बोलावून त्यांचं घेतलं. "कशाला गं पोरींनो?" ते विचारत होते. "काका, तुम्ही शून्य आहात का बघतोय," सोनारीण म्हणाली. "ते माझ्या सासऱ्यांनी लग्नातच सांगितलं होतं," काका म्हणाले आणि बोट पुढे केलं. पट्ट्या त्याच, सोनं तेच, बाटली तीच. आम्ही तिघंही साहेबांच्या शून्यापेक्षा पार खाली. म्हणजे करंट आमचा भरपूर आणि त्यांचा पडलेला.

एवढं झाल्यावर कुठल्याही माणसाने स्वतःकडे बघितलं असतं. ठणठणीतरावांनी आमच्याकडे बघितलं.

"तुमचं रक्त पातळ आहे," ते म्हणाले. "पोरींनो, जेवत नाही तुम्ही नीट."

"आणि वॉचमनकाका?" मी विचारलं.

"तो दिवसभर बसून असतो."

"सर, तुमचे पाय सुजलेत का हो?" सोनारिणीने सरळ विचारलं. त्यांच्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या. गेले कित्येक महिने त्या बांधलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

"हल्ली बूटच आखूड बनवतात! कंपन्या चोर झाल्यात." ते लाल झाले. धाप लागून त्यांनी टेबल धरलं, आणि धाप जरा बसल्यावर पुन्हा सुरू झाले. "मला आजारी ठरवून नोकरी वाचवायचीय तुला? एवढी मजल? मॅडमना बोलवा. आत्ता. माझं रक्त त्याच हॉस्पिटलच्या मशीनवर पाठवा, सगळ्यांसमोर बाटली बंद करा. माझा आकडा साफ येणार, आणि मग बघतो कोणाचं सोनं किती कॅरटचं आहे ते!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संचालक मॅडम आल्या. नर्सने रक्त काढलं. बाटलीवर साहेबांनी स्वतः चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर अंगठ्याने दोनदा दाबलं, की कोणी अदलाबदल करू नये. त्यांचा तो अंगठा मला अजून दिसतो. स्वतःच्या विरुद्धचा पुरावा इतक्या प्रेमाने सील करणारा आरोपी विरळाच.

हॉस्पिटलमधून फोन लगेच आला. निकाल कागदावर यायला दुसरा दिवस उजाडायचा, म्हणून तिथल्या डॉक्टरबाईंनी स्वतःच फोन केला. मॅडमनी स्पीकर चालू केला.

"हा नमुना कोणाचा?"

"आमच्या विभागप्रमुखांचा."

"ते आत्ता कुठे आहेत?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. ठणठणीतराव जेवायला घरी गेले होते आणि परतायची वेळ झाली होती. मी दार उघडून जिन्यात डोकावले. ते वळणावर कठडा धरून उभे होते. ओठ निळसर, कपाळावर घाम.

"विचार..." ते म्हणाले आणि खालच्या पायरीवर बसले.

त्यांना उचलून न्यायला वॉचमनकाका, मी आणि खोटं सोनं बनवणारी सोनारीण असे तिघं लागलो. लिफ्टने. त्यांनी लिफ्टमध्येही मान हलवून नापसंती दाखवली.

हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी त्यांच्या नडगीवर बोट दाबलं आणि उचललं. खळगा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत राहतो तसा. "हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"अँटिबॉडी कुठली वापरता तुम्ही?" ठणठणीतरावांनी उलट विचारलं. नाकात ऑक्सिजनची नळी. "कधीकधी चुकीचं प्रथिनही धरते ती. माझ्या क्षेत्रातली गोष्ट आहे म्हणून सांगतो."

वहिनी शाळेतून धावत आल्या. डॉक्टरबाईंनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, झोप कशी आहे. "आडवे होतच नाहीत," वहिनी म्हणाल्या. "खुर्चीत बसून झोपतात. आडवं झालं की जीव घाबरतो. मला म्हणाले, कोणाला सांगू नकोस, मोठी माणसं खुर्चीतच झोपतात." आणि मग आमच्याकडे वळून, "तुमच्या त्या यंत्राला हे कळत होतं का गं?"

"पहिल्यापासून," सोनारीण म्हणाली. "ते ओरडत होतं. साहेब त्यातून स्वतःला वजा करत होते."

वहिनींनी नवऱ्याचे ते सैल बूट उचलून पलंगाखाली सारले, जरा जोरातच.

संचालक मॅडम दोन दिवसांनी भेटायला गेल्या, तेव्हा आम्हाला बरोबर घेऊन गेल्या. साहेब उशांना टेकून बसले होते. इंजेक्शनांनी अंगातलं पाणी उतरलं होतं आणि आवाज परत चढला होता. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांना ते करंट म्हणजे काय ते समजावून सांगत होते. आजोबांनी भिंतीकडे कूस वळवली होती.

"त्या तक्रारीचं काय करायचं?" मॅडमनी विचारलं. "हिच्या सोन्याचं?"

साहेबांनी छातीवर हात ठेवला. "डॉक्टरांनी मला बोलायला मनाई केलीय."

मॅडमनी सुस्कारा सोडला. पण परतल्यावर त्यांनी, त्यांच्या मानाने फारच झटपट, सोनारिणीचा करार वाढवला. शून्यही बदललं. आता कोणा एकाचं नाही, तपासून घेतलेल्या अनेकांचं रक्त एकत्र करतो. हॉस्पिटलचे नमुने नव्या आलेखावर लावले तर आकडे जुळले. घसरण थांबली. साहेबांच्या काळातला सगळा आलेख टाकून द्यावा लागला. सोनारीण खूश व्हायला हवी होती. पण इमारतीत बातमी वेगळीच फिरत होती. "पट्टी विभागात सोनं बिघडलं होतं म्हणे, नंतर सुधारलं." जिन्यात लोक तिला विचारायचे, "आता बरं येतंय का सोनं?" चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, आणि संन्याशाची फाशी रद्द झाली तरी त्याच्या मानेकडे लोक बघत राहतात.

ठणठणीतराव औषधं घेऊन कामावर रुजू झाले आणि त्यांनी लगेच एक व्याख्यान लावलं. विषय: 'संशोधकाने स्वतःवर केलेला प्रयोग'. मला वाटलं, मीच चुकीचं वाचलं. सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत मॅडम, डॉक्टरबाई, वहिनी. पडलो तरी नाक वर हे मी ऐकून होते, पण या माणसाने नाकाला पट्टी बांधून त्याचाच झेंडा केला होता. स्वतःच्या हृदयावर आपल्याला फार आधीपासून संशय होता, असं ते सांगत होते. म्हणून मुद्दाम स्वतःचं रक्त शून्य ठेवलं. आजार कसा वाढतो ते पट्टीला टिपता यावं यासाठी. विज्ञान त्याग मागतं. पडद्यावर तोच घसरणारा आलेख होता, जो टाकून दिला होता. आता त्याला सोनेरी चौकट होती.

टाळ्या पडल्या. प्रश्नांची वेळ आली. सोनारीण उठली.

"सर, तुम्हाला कारण माहीत होतं, तर मला काढायला का निघाला होतात?"

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला.

"प्रयोगाची गोपनीयता," ते म्हणाले.

कोणीतरी हसलं. साहेबांनी तेही कौतुकात धरलं आणि दुसऱ्या प्रश्नासाठी मागे बघितलं. सोनारीण उभीच.

"माझा प्रश्न संपला नाही. माझ्या सोन्यात दोष होता का?"

"ते आता महत्त्वाचं नाही."

"मला आहे."

"नव्हता, नव्हता. बसा आता."

"मग घसरण कशात होती?"

ते माइकशी चाळा करत राहिले. घड्याळाकडे बघितलं, छताकडे बघितलं. डॉक्टरबाईंनी हाताची घडी घातली.

"अहो," वहिनी पहिल्या रांगेतून म्हणाल्या, वर्गात पोरावर खेकसावं तशा, "सांगा की त्या मुलीला! जेवायची वेळ झालीय."

ठणठणीतरावांनी माइकवर तळहात ठेवला.

"माझ्यात," ते म्हणाले.

पुढच्या दोन रांगांना ऐकू आलं. बाकीच्यांना सोनारिणीने स्वतः सांगितलं, आणि तिला माइकची गरज नव्हती.